'नाशिक'मधले दुसरे अक्षर कोणते?

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या कॉलेजातल्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत लिहिताना 'स्ट्रिंगमधील दुसरे अक्षर तपासा' असे म्हटले तर चालेल का? (स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅममधला मजकुराचा तुकडा.)

माझ्या मते नाही. यात 'दुसरे' आणि 'अक्षर' हे दोन्ही शब्द घोळ घालतात.

आधी 'अक्षर'. गाडीचा नंबर घ्या. 'एमएच' नंतर १५ आले की गाडी नाशिकची, ४१ आले की मालेगावची. इथे आपण तपासतो ते अंक, त्यांना अक्षर कसे म्हणणार? खरी गंमत देवनागरीत आहे. 'नाशिक' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा: ना, शि, क. पायथॉनला (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) लांबी विचारा, तो ५ कॅरेक्टर सांगतो: न, काना, श, वेलांटी, क. पडद्यावर वेलांटी श च्या आधी दिसते, पण साठवली जाते नंतर. मग 'वर्ण' म्हणावे? तेही जमत नाही. व्याकरणाने फोड केली तर न्, आ, श्, इ, क्, अ असे सहा वर्ण होतात. (त्र्यंबकेश्वरची फोड करून बघा, पाच अक्षरांमागे तेरा कॅरेक्टर निघतात.) म्हणून नोट्समध्ये सरळ 'कॅरेक्टर'च ठेवा. अगदीच मराठी हवा असेल तर 'चिन्ह'. त्यात काना, अंक, स्वल्पविराम सगळे मावतात. रिकाम्या जागेला चिन्ह म्हणताना मात्र जीभ जरा अडखळते.

आता 'दुसरे'. पायथॉन, जावा, सी यांत मोजणी शून्यापासून, म्हणून इंडेक्स (म्हणजे जागेचा क्रमांक) २ वर तिसरे कॅरेक्टर असते. एक्सेलमध्ये मजकुराचा तुकडा काढणाऱ्या मिड या फंक्शनमध्ये मोजणी एकपासून, म्हणून तेच ३ ने मागावे लागते. 'क्रमांक २' म्हटले की मराठी माणूस दुसराच समजणार. त्यापेक्षा मुले बोलतात तसेच लिहा: 'इंडेक्स २ वर श आहे का ते तपासा.'

नोट्समध्ये एक उदाहरण जरूर घाला. तालुक्यांच्या यादीत इंडेक्स ० वर 'न' शोधला तर नाशिक, निफाड, नांदगाव तिन्ही मिळतात. 'ना' शोधला तर एकही नाही, कारण एका जागेवर 'ना' मावतच नाही. त्यासाठी मजकुराची सुरुवात तपासणारे स्टार्ट्सविथ वापरायचे. मग नाशिकबरोबर नांदगावही येते, कारण त्याचा अनुस्वार तिसऱ्या जागी, इंडेक्स २ वर आहे.