साइडकार बनवणाऱ्या कंपन्या गेल्या कुठे, आणि आज साइडकार घ्यावी का?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. साइडकार म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक. मी स्वतः साइडकार लावलेली मोटरसायकल चालवतो, त्यामुळे दुसऱ्या भागावर जरा जास्तच बोलणार आहे.

कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांना स्वस्त मोटारीने खाल्लं. आज साइडकार म्हणजे हौस वाटते, पण ज्याला बायकापोरांना घेऊन जायचंय आणि मोटार परवडत नाही, अशा माणसाची ती सोय होती. मोटार आवाक्यात आली की साइडकारचं गिऱ्हाईक गेलंच.

यातलं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे स्वॉलो. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोघांनी ही कंपनी काढली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या, टोकदार, देखण्या साइडकार. त्याच वर्षी ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार आली आणि तिने साइडकारवाल्यांचा धंदा पोखरायला सुरुवात केली. लायन्स मात्र रडत बसला नाही. १९२७ मध्ये त्याने त्याच ऑस्टिन सेव्हनवर आपली सुबक बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. पुढे ही कंपनी एसएस झाली आणि १९४५ मध्ये तिने नाव घेतलं जॅग्वार. हो, आलिशान मोटारींची तीच जॅग्वार!

अमेरिकेत ओहायोमधल्या ह्यूगो यंगने मोटरसायकल आणि साइडकार जोडणारा असा सांधा काढला होता की वळणावरही साइडकारचं चाक जमीन सोडत नसे. फोर्डची मॉडेल टी ही मोटार स्वस्त झाल्यावर त्याची कंपनी बसगाड्यांकडे वळली. फ्लेक्सिबल नावाच्या बस त्याच घरातल्या. जर्मनीतली न्यूरेम्बर्गची स्टाइब ही माझी आवडती. तिच्या जुन्या साइडकार आजही संग्राहक शोधत फिरतात. ब्रिटनमधली वॉट्सोनियन १९१२ पासूनची. तिची सुरुवात घडी घालता येणाऱ्या साइडकारने झाली, म्हणजे घराशेजारच्या अरुंद बोळातून गाडी आत घेता यावी म्हणून.

रशियाच्या उरलचं गणित वेगळं. बीएमडब्ल्यूच्या आर ७१ वरून घेतलेली एम ७२ ही लष्करी गाडी तिचं मूळ. १९४१ मध्ये कारखाना मॉस्कोहून इर्बितला हलवला. उरलच्या काही मॉडेलांत साइडकारचं चाकही इंजिनाला जोडता येतं, त्यामुळे चिखल-बर्फात तिला तोड नाही. पण या जोडणीत डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवायची नाही. वळताना गाडी हट्टाने सरळच जाते आणि जोडणीवर ताण येतो तो वेगळाच.

आता चालवण्याबद्दल. मोटरसायकल येते म्हणून साइडकार येईल, हा भ्रम आधी काढून टाका. दुचाकी आपण झुकवून वळवतो. ही झुकत नाही, हँडल ओढूनच वळवावी लागते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की बाजूचं वजन मागे रेंगाळतं आणि गाडी साइडकारकडे ओढते. ब्रेक दाबला की तेच वजन पुढे धावतं आणि गाडी उलट बाजूला ओढते, विशेषतः साइडकारच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक नसेल तर. साइडकारच्या बाजूला वेगात वळलात तर तिचं चाक चक्क हवेत उठतं. बघणाऱ्यांना मजा वाटते, चालवणाऱ्याचा घास घशात अडकतो. रिकाम्या साइडकारमध्ये म्हणूनच वाळूचं पोतं ठेवतात.

घेताना रंग आणि गादी शेवटी बघा. आधी जोडणी बघा: चेसिसला किती ठिकाणी पकडलंय, वेल्डिंगला कुठे चीर गेलीय का. मग सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात चालवून बघा. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर मोजमाप चुकलंय. साइडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळलेलं असावं लागतं, साधारण एक-दोन सेंटीमीटर, आणि मोटरसायकल साइडकारपासून किंचित बाहेर कललेली असावी. हे चालवणारा बसलेला असताना मोजायचं, गाडी रिकामी उभी करून नाही.

हँडल फारच जड लागत असेल तर त्या साइडकारसाठी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बदललेला नाही, असं समजा. पुढचा ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी केला की हात दुखत नाहीत, पण तो खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. आणि पहिले काही दिवस एखाद्या मोकळ्या मैदानात, रिकाम्या साइडकारमध्ये वजन टाकून, दोन्ही बाजूंची वळणं घेत बसा. त्याआधी कोणाला शेजारी बसवू नका.