दिवाळखोरीआधी घर नात्यातल्या माणसाच्या नावावर करावे का?

कर्जाने घेरलेल्या वाचकांची पत्रे वाचताना एकच विचार पुन्हा पुन्हा दिसतो: अर्ज करण्याआधी जे आहे ते आपल्या माणसांकडे देऊन ठेवावे. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न: धंदा बुडाला. दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी राहते घर भावाला बक्षीसपत्राने द्यावे, असा सल्ला मिळाला आहे. घर वाचेल का?

बहुधा नाही, आणि भावालाही कोर्टाची पायरी चढावी लागेल. देणी फेडता येत नसताना फुकट किंवा नाममात्र किमतीत दिलेली मालमत्ता धनकोंच्या, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांच्या, हक्काची होती, असे कायदा धरतो. हे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी १५७१ साली कायदा झाला. पुढे १६०१ च्या ट्वाइन खटल्यात पिअर्स नावाच्या कर्जदाराचा व्यवहार न्यायालयापुढे आला. एका धनकोचा दावा चालू असताना त्याने सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइन या दुसऱ्या धनकोला लिहून दिली होती. पण ताबा स्वतःकडेच ठेवला, मेंढ्या विकल्या, त्यांची लोकरही कातरली. न्यायालयाने तो व्यवहार लबाडीचा ठरवला. आजही तीच लक्षणे तपासली जातात: गुप्तता, जवळचे नाते, मोबदला नसणे, जवळपास सगळी मालमत्ता एकदम देणे, आणि देऊनही वापर देणाऱ्याकडेच राहणे. भावाच्या नावे घर करून तुम्ही तिथेच राहणार असाल, तर यातली बरीचशी लक्षणे एकाच दस्तात सापडतील.

किती मागे जाऊन पाहतात, हे देशागणिक बदलते. अमेरिकेचा दिवाळखोरी कायदा अर्जाआधीची २ वर्षे पाहतो. तिथल्या राज्यांच्या कायद्यांनी बऱ्याचदा त्याहूनही मागे जाता येते. इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्यात कमी किमतीच्या व्यवहारांसाठी ५ वर्षे आहेत. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ धनकोंना डावलण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण रद्द करण्याची वाट देते.

मला सर्वात जास्त वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे. कामाची हत्यारे, घरगुती सामान, काही ठिकाणी राहत्या घरातला ठरावीक किमतीपर्यंतचा हिस्सा, एवढे कायदाच कर्जदाराकडे राहू देतो. पण स्वतःहून देऊन टाकलेली वस्तू विश्वस्ताने (दिवाळखोराची मालमत्ता धनकोंसाठी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) परत मिळवली, तर अमेरिकेत तिच्यावर ही सूट मागता येत नाही. जे कदाचित हातात राहिलेच असते, ते माणूस घाबरून स्वतःच घालवतो. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी आपल्याला काय ठेवता येते, हे वकिलाकडून नीट समजून घ्या.

प्रश्न: मित्राला गाडी विकली, बाजारभावाने. हेही संशयास्पद ठरेल?

किंमत खरी असेल आणि पैसे खरोखर तुमच्या खात्यात आले असतील, तर घाबरू नका. त्या वेळचे भाव दाखवणारे कागद आणि बँकेची नोंद जपून ठेवा. आलेले पैसे कुठे गेले हेही विचारले जाईल. घरभाडे, औषधे, वकिलाची फी यांवर झालेला खर्च सहज समजावता येतो.

प्रश्न: बहिणीने अडचणीत पैसे दिले होते. बँकेआधी तिचे फेडले. हे तर खरे कर्ज होते ना?

खरेच होते, आणि तुमची भावना मला कळते. तरीही ही अडचण आहे. इथे फसवणुकीचा आरोप नाही. एका धनकोला इतरांपेक्षा झुकते माप दिले, एवढाच आक्षेप असतो. अमेरिकेत सामान्य धनकोला अर्जाआधीच्या ९० दिवसांत दिलेली रक्कम तपासली जाते, नातेवाइकाच्या बाबतीत पूर्ण १ वर्ष. इंग्लंडमध्ये हेच अंतर ६ महिने आणि २ वर्षे असे आहे. रक्कम परत मागणारी नोटीस तुम्हाला नाही, बहिणीला जाते. तिने ते पैसे खर्च करून टाकले असतील तर तिचीच ओढाताण होते. तिला आजच सांगा; नोटीस हातात पडल्यावर कळण्यापेक्षा ते बरे. कर्जमुक्ती, म्हणजे जुनी देणी फेडण्याच्या बंधनातून सुटका, मिळाल्यावर पुढच्या कमाईतून स्वेच्छेने तिला पैसे द्यायला अमेरिकेचा कायदा आडकाठी करत नाही.

प्रश्न: मुलीच्या नावे जमीन करून ३ महिने झाले. अर्जात नाही लिहिले तर?

असे अजिबात करू नका. हस्तांतराची नोंद सरकारी दप्तरात असते आणि विश्वस्त ती काढतोच. अमेरिकेत धनकोंना टाळण्याच्या हेतूने अर्जाआधीच्या १ वर्षात मालमत्ता हलवली असेल, तर कर्जमुक्तीच नाकारली जाऊ शकते. म्हणजे मालमत्ताही जाते आणि कर्जही डोक्यावर राहते. शपथेवर खोटे सांगणे किंवा मालमत्ता लपवणे हा तर तिथे गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ज अजून दाखल झाला नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे. जमीन परत नावावर घ्यावी की अर्ज पुढे ढकलावा, हे सगळे कागद पाहून वकीलच सांगेल. घाईने उलटा दस्त करू नका.

प्रश्न: वृद्ध वडिलांच्या खात्यावर सोयीसाठी माझेही नाव आहे. ते पैसेही जातील का?

पैसे त्यांचेच असतील तर ते तसे सिद्ध करावे लागेल. खाते अर्जात दाखवा आणि त्यांच्या पेन्शनच्या, ठेवींच्या जमा नोंदी सोबत जोडा. अर्जाच्या तोंडावर तुमचे नाव गुपचूप काढून टाकू नका, त्याने निष्कारण शंका येते.