वाचकांचे प्रश्न: नाव नसलेला टाइट एंड कसा जोखावा?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातले खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याची प्रक्रिया) जवळ आला की पहिल्या फेरीतल्या खेळाडूंवर पानेच्या पाने लिहिली जातात. या वेळी आलेले प्रश्न मात्र त्यांच्याविषयी नाहीत. चौथ्या-पाचव्या फेरीत किंवा त्याहून खाली असणारे, लहान कॉलेजांतून येणारे टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणारे, म्हणजे ब्लॉक करणारे, आणि पासही झेलणारे खेळाडू) कसे पारखायचे, असे बहुतेकांनी विचारले आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: शेवटच्या हंगामात जेमतेम वीस-पंचवीस झेल घेतलेल्या टाइट एंडकडे संघ बघतात तरी कशासाठी?

झेलांच्या आकड्यात खेळाडू कमी आणि त्याच्या संघाची खेळपद्धती जास्त दिसते, म्हणून. जॉर्ज किटलचे उदाहरण घ्या. आयोवा विद्यापीठाकडून खेळताना त्याच्या नावावर सगळे मिळून ४८ झेल होते, त्यांतले शेवटच्या हंगामातले फक्त २२. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी त्याला पाचव्या फेरीत, १४६व्या क्रमांकावर घेतले. दुसऱ्याच हंगामात त्याने १,३७७ यार्ड काढले. टाइट एंडसाठी तो त्या वेळचा विक्रम होता. ही गुणवत्ता कॉलेजात लपलेली नव्हती. आयोवाच्या धावत्या खेळात (पास न फेकता चेंडू घेऊन पळण्याच्या) तो डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे बचावाच्या लाइनच्या टोकाच्या खेळाडूला, समोरून रेटत होता, आणि कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड ४.५२ सेकंदांत धावून त्याने ११ फूट लांब उडी मारली. फक्त चेंडू त्याच्याकडे फारसा येत नव्हता.

म्हणून झेल मोजण्याआधी संघाचे एकूण पासिंग यार्ड काढा आणि त्यांत या खेळाडूचा वाटा किती ते पाहा. समजा, संघाचे २,००० यार्ड आणि त्याचे ४०० असतील, तर वाटा २० टक्के झाला. ३,८०० यार्ड फेकणाऱ्या संघातल्या ५०० यार्डांपेक्षा तो वजनदार आहे, कारण तिथे वाटा १३ टक्क्यांच्या आसपासच राहतो. जखमी होऊन बाहेर बसलेले सामने मात्र दोन्ही बाजूंतून वगळायला हवेत, नाहीतर हिशेब फसतो.

प्रश्न: ब्लॉकिंग चांगले की वाईट हे सामान्य प्रेक्षकाने ओळखायचे कसे? आम्हाला नुसती ढकलाढकली दिसते.

या उत्तराला जागा जास्त लागेल, आणि ती द्यायलाही हवी. अप्रसिद्ध टाइट एंड संघात टिकतो तो बहुधा ब्लॉकिंगवर आणि स्पेशल टीम्सवर (चेंडूला लाथ मारायच्या खेळांत उतरणाऱ्या गटांवर). ५३ जणांच्या चमूत साधारण तीन टाइट एंड असतात. तिसऱ्याच्या वाट्याला पास क्वचित येतात, पण पंट (चेंडू लाथेने लांब मारून देणे) वाचवणे, किकऑफवर आडवे जाणे आणि गोल लाइनपाशी माणूस हलवणे ही कामे त्याच्याकडे हमखास येतात.

आधी तो उभा कुठे राहतो ते मोजा. टॅकलला (स्वतःच्या लाइनमधल्या कडेच्या ब्लॉकरला) लागून हात जमिनीवर टेकवून, टॅकलच्या बाहेर एक पाऊल मागे, स्लॉटमध्ये (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधे), की थेट बाहेर रिसीव्हरच्या जागी? चार रकाने करा आणि प्रत्येक स्नॅपला (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो तेव्हा) खूण करा. आजकाल स्प्रेड पद्धतीच्या (खेळाडू मैदानभर पसरवणाऱ्या) कॉलेजांत काही टाइट एंड हंगामभर हात जमिनीला लावत नाहीत. असा खेळाडू वाईट ठरत नाही, पण त्याच्या ब्लॉकिंगविषयी तुमच्याकडे पुरावाच नाही, हे वहीत स्पष्ट लिहा.

मग धावत्या खेळाचे निदान ३०-४० स्नॅप निवडून प्रत्येकाला तीन वेगवेगळे गुण द्या: पहिल्या धडकेची स्थिती, धडकेनंतरचे पाय आणि शिट्टीपर्यंतची पकड. एकच सरसकट गुण दिला तर नेमके कुठे बिघडते ते कळत नाही.

पहिल्या धडकेत तो गुडघ्यात वाकला आहे की कमरेत, हे बघा. कमरेत वाकलेल्याचे डोके पायांच्या पुढे जाते आणि नजर जमिनीकडे वळते. मग समोरच्याने खांद्यावर हात मारून बाजूला सरकायचे ठरवले की हा तोंडघशी पडतो. प्रेक्षकांना वाटते पाय घसरला, पण मूळ दोष कमरेत असतो. हातांचे तसेच आहे. ते प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत बसायला हवेत. बाहेरून मिठी मारल्यासारखे पडले की पंच होल्डिंग (नियमबाह्य पकड) देतो आणि संघाला दहा यार्डांचा दंड बसतो. लांब हातांच्या खेळाडूला इथे फायदा असतो, पण हात लांब असूनही उशिरा उठणारे पुष्कळ असतात.

धडकेनंतर पाय थांबले तर ब्लॉक संपला. पावले छोटी, जलद आणि खांद्यांइतक्या अंतरावर असावीत. मोठ्या ढांगा टाकणारा एका क्षणी एकाच पायावर असतो, आणि चांगला डिफेन्सिव्ह एंड नेमका तोच क्षण साधतो.

दोन ब्लॉक मुद्दाम शोधून पाहा. पहिला, टॅकलसोबत जोडीने केलेला. दोघे मिळून समोरच्या बचावाच्या लाइनमनला हलवतात, मग एकजण सुटून त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर जातो. कच्चा टाइट एंड फार लवकर सुटतो, त्यामुळे टॅकल अजून सावरलेला नसताना लाइनमन मधून घुसतो. किंवा तो उशिरा सुटतो आणि लाइनबॅकर पळणाऱ्याला आधीच गाठतो. नजर लाइनबॅकरवर आणि हात लाइनमनवर, हे दोन्ही एकाच वेळी साधणारा सापडला तर त्याचे नाव अधोरेखित करा.

दुसरा ब्लॉक स्नॅपनंतर लाइनच्या मागून आडवे धावत जाऊन पलीकडच्या टोकाच्या एंडवर करायचा असतो. इथे वेग आवरणे महत्त्वाचे. सुसाट गेलेला खेळाडू बाहेरच्या खांद्यावर आदळतो आणि एंड आतल्या बाजूने मोकळा सुटतो. निशाणा त्याच्या आतल्या अंगावर हवा. वजनाने कमी, २४० पौंडांच्या आसपासच्या टाइट एंडला व्यावसायिक संघ बहुतेक हेच काम देतात. त्यामुळे समोरासमोरच्या झटापटीत तो मागे सरकत असेल तरी हा ब्लॉक जमत असेल, तर त्याला जागा आहे.

प्रश्न: लहान कॉलेजच्या खेळाडूचे मोठे आकडे कितपत खरे मानायचे?

समोर कोण होते ते पाहून. लहान कॉलेजे हंगामात एखाददुसरा सामना बलाढ्य विद्यापीठाविरुद्ध खेळतात. तो सामना सगळ्यांत आधी पाहा. हॅरल्ड फॅनिन ज्युनियरने २०२४ मध्ये बोलिंग ग्रीनकडून ११७ झेल आणि १,५५५ यार्ड काढले. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या दुय्यम समजल्या जाणाऱ्या गटातले आकडे म्हणून ते बाजूला ठेवता आले असते, पण पेन स्टेटविरुद्ध ११ झेल आणि टेक्सस ए अँड एमविरुद्ध ८ झेल त्याच हंगामातले आहेत. कम्बाइनमध्ये तो ४.७१ सेकंदांत धावला, म्हणजे फार वेगवान नाही. तरी क्लीव्हलँड ब्राउन्सनी त्याला २०२५ मध्ये तिसऱ्या फेरीत ६७व्या क्रमांकावर घेतले.

खालच्या विभागात नुसता आकार पुरतो, ही खरी अडचण. डिव्हिजन टूच्या अ‍ॅशलँडचा अ‍ॅडम शाहीन पावणेतीनशे पौंडांच्या वर होता आणि समोरचे बचावपटू त्याच्यापुढे फार लहान पडत. शिकागो बेअर्सनी २०१७ मध्ये त्याला दुसऱ्या फेरीत, ४५व्या क्रमांकावर घेतले. तीन हंगामांत मिळून त्याचे २६ झेल झाले. दुखापतीही आड आल्या हे खरे, पण आमच्या मते अशा खेळाडूचे फिल्म पाहताना एक गाळणी लावायलाच हवी: केवळ उंचीमुळे जिंकलेला झेल गुणांत धरायचा नाही. बचावपटूला वळवून, स्वतः मोकळे होऊन घेतलेला झेल धरायचा. एका वर्षानंतर साउथ डकोटा स्टेटचा डॅलस गॉडर्ट याच कसोटीवर उतरला. फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला ४९वा निवडला आणि तो तिथे टिकला.

सीनियर बोल आणि ईस्ट-वेस्ट श्राइन बोल या ड्राफ्टआधीच्या प्रदर्शनी सामन्यांच्या आठवड्यातले सराव सामन्यापेक्षा मोलाचे असतात. लाइनबॅकरविरुद्ध एकास-एक रूट (पास घेण्यासाठीची ठरलेली धाव) आणि पास वाचवण्याची झुंज तिथे पुन्हापुन्हा होते. पहिल्या दिवशी हरलेला तिसऱ्या दिवशी काय बदलून येतो ते पाहा.

प्रश्न: चाळीस यार्डांच्या वेळेला किती महत्त्व द्यावे?

थोडेच, आणि तेही पहिल्या दहा यार्डांना. टाइट एंडची बहुतेक कामे तेवढ्या अंतरात संपतात. १.६० सेकंदांच्या आसपासचा पहिला टप्पा चांगला समजा. संपूर्ण ४० यार्डांत ४.७ ही नेहमीची वेळ आहे. प्रो डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला) हाताने लावलेल्या घड्याळाची वेळ कम्बाइनच्या विजेवरच्या घड्याळापेक्षा कमी भरते, तेव्हा दोन्ही सरळ शेजारी ठेवू नका.

कॉलेजच्या यादीतली उंची-वजने फुगवलेली असतात, म्हणून मोजलेलीच धरा. स्काउटच्या नोंदीत ६०४२ दिसले तर ते ६ फूट ४ इंच आणि एका इंचाचे दोन अष्टमांश.

प्रश्न: आकडेवारीत नेमके काय पाहावे?

मुख्यतः दर रूटमागे मिळालेले यार्ड. पास पकडायला तो जितक्या वेळा धावला त्या संख्येने त्याच्या यार्डांना भागा. ३०० रूट आणि ५४० यार्ड म्हणजे १.८. कॉलेजमध्ये दोनच्या वर जाणारा टाइट एंड लक्षात ठेवण्यासारखा. ज्या पासवर तो ब्लॉकसाठी मागे थांबला ते रूटमध्ये मोजू नका. ही चूक फार होते आणि ब्लॉकिंग करणाऱ्यावर अन्याय करते.

सुटलेल्या झेलांचे प्रमाण काढताना सुटलेले भागिले झेल अधिक सुटलेले, असा हिशेब ठेवा. ४५ झेल आणि ५ सुटले तर दहा टक्के, हे जास्त आहे. पण ते कसे सुटले हेही पाहा. चेंडू हातात येण्याआधी पळायला वळल्याने सुटला तर सराव ते दुरुस्त करतो. प्रत्येक चेंडू छातीवर घेणारा मात्र गर्दीत अडचणीत येतो, कारण बचावपटूला मध्ये हात घालायला वेळ मिळतो.

आणखी एक छुपा फुगवटा. कॉलेजच्या नियमांत पास पुढे जाणार असला तरी लाइनमन तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे धाव की पास हे क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या खेळाडूने) ऐनवेळी ठरवायचे खेळ कॉलेजात जास्त पिकतात, लाइनबॅकर धावेकडे ओढले जातात आणि टाइट एंड एकटाच उभा राहतो. असे झेल वेगळे मोजा. उरलेल्यांत बचावाची रचना ओळखून मोकळ्या जागेत थांबलेले किती आहेत, ते खरे भांडवल.

प्रश्न: आम्हाला फक्त टीव्हीचे प्रक्षेपण मिळते. तेवढ्यावर काही करता येते का?

येते, पण अर्धेच. कॅमेरा चेंडूमागे जात असल्याने पंधरा यार्डांपुढचा रूट चौकटीबाहेर जातो. तेव्हा रूटचा निकाल टीव्हीवरून लावू नका. स्नॅपच्या वेळची जागा, पहिली दोन पावले आणि लाइनवरचा ब्लॉक मात्र स्पष्ट दिसतो. गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून दाखवलेली पुनरावृत्ती आली की थांबवा, हात आत बसले की बाहेर ते तिथे सगळ्यांत नीट कळते. पाहायला चार सामने पुरतात: सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी, मध्यम दोन, आणि एक ज्यात तो अपयशी ठरला. निवडक क्षणांच्या चित्रफितींतून मूल्यमापन करू नये. त्यांत ब्लॉक नसतातच.

प्रश्न: बास्केटबॉल किंवा दुसऱ्या जागेवरून आलेल्यांवर विश्वास ठेवावा का?

अँटोनिओ गेट्स कॉलेज फुटबॉल न खेळता, ड्राफ्टमध्ये न निवडला जाता २००३ मध्ये चार्जर्सकडे आला आणि ११६ टचडाउन करून गेला. जिमी ग्रॅहमचे मायामी विद्यापीठातले झेल फक्त १७. ही नावे मोहात पाडतात, पण वेळ लागतो हे विसरू नये. लोगन थॉमस २०१४ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून निवडला गेला आणि त्याचा ७२ झेलांचा हंगाम आला तो २०२० मध्ये.

प्रश्न: वयाचा विचार करावा का?

जरूर. कोविडमुळे २०२० चा हंगाम कॉलेजात खेळण्याच्या पात्रतेत न धरल्याने पुढची काही वर्षे चोवीस वर्षांचे खेळाडूही आले. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्यांना ढकलणे सोपे असते, म्हणून त्याचे विसाव्या वर्षाचे फिल्म शोधा. बाल्टिमोर रेव्हन्सनी २०१८ मध्ये हेडन हर्स्टला २५वा आणि मार्क अँड्र्यूजला ८६वा निवडले. बेसबॉल खेळून आलेला हर्स्ट त्याच ऑगस्टमध्ये २५ वर्षांचा झाला, अँड्र्यूज २२ चा होता. हर्स्ट दोन हंगामांनी अटलांटाला गेला, अँड्र्यूज राहिला.

प्रश्न: सातव्या फेरीत निवड होणे चांगले, की न निवडले जाऊन स्वतः संघ ठरवणे?

टाइट एंडसाठी अनेकदा दुसरे. निवड न झालेला खेळाडू संघ स्वतः ठरवू शकतो. त्याने तीन गोष्टी तपासाव्यात: संघाकडे करारात किती टाइट एंड आहेत, संघ दोन टाइट एंड एकत्र किती वेळा मैदानात ठेवतो, आणि त्यांचा ब्लॉकिंगचा माणूस पुढच्या वर्षी मोकळा होतो का. १६ जणांच्या सराव चमूत (संघासोबत सराव करणाऱ्या, पण ५३ जणांत नसलेल्या) एक वर्ष काढून मग वर येण्याची वाट या तिसऱ्या उत्तरावर अवलंबून असते.