साळिंदराखालचा भुसा

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहते. मेक्सिकोतल्या वाहाकाची रंगीत लाकडी जनावरं जमवून जमवून घर भरलं. आता आणून विकावीत म्हणते. काय सांभाळू?

उत्तर : ताई, आधी कीड! वाहाकातल्या सान मार्तीन तिल्काहेते गावचे झापोटेक (तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे) कारागीर कोपल झाडाचं लाकूड ओलं असतानाच कोरतात. ते वाळायला वेळ लागतो, आत अळी राहू शकते. माझ्या पहिल्याच खेपेतल्या साळिंदराखाली आठवड्याने पिठासारखा भुसा! तेव्हापासून प्रत्येक नग पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मटारशेजारी. (घरचे वैतागतात.) भाव मात्र पाडून मागू नका, एकेक ठिपका हाताने दिलेला असतो. आणि पोटाखाली कारागिराची सही आहे ना, बघा. जाणतं गिऱ्हाईक नग आधी उलटाच करतं.