काटेकोर आहार सैल केल्यानंतर

प्रश्न : काही महिने मी साखर, मैदा आणि तळलेले पदार्थ पूर्ण बंद ठेवले होते, धान्येही नावापुरतीच खात होते. सतत थकवा येऊ लागल्याने बंधने सैल केली, तर पहिल्याच आठवड्यात वजन दीड किलोने वाढले. आता काही गोड खाल्ले की दुसऱ्या दिवशी दुप्पट धावते. खाणे सकस ठेवून व्यायामाशी त्याचा मेळ कसा घालावा? – एक वाचक

उत्तर : आधी त्या दीड किलोविषयी. कर्बोदके यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. धान्ये जवळजवळ वर्ज्य असताना आटलेला हा साठा पुन्हा भरला की वजनकाटा एक-दोन किलोंनी पुढे सरकतोच. तेवढी चरबी आठवड्यात चढायची तर रोज गरजेपेक्षा सुमारे १,६५० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, आणि तुमच्या पत्रावरून तसे काही घडलेले दिसत नाही. त्यामुळे या वाढीची धास्ती घेऊन पुन्हा धान्ये तोडू नका.

मला काळजी वाटते ती दुप्पट धावण्याची. खाल्ल्याची भरपाई म्हणून केलेल्या व्यायामाने भूक आणि थकवा वाढण्याची शक्यता असते, उरलेल्या दिवसातली हालचाल नकळत घटते आणि संध्याकाळी पुन्हा गोडाकडे हात जातो; मग दुसऱ्या दिवशी परत तीच शिक्षा. बंधने सुटल्यावर खाण्याचे विचार पाठ सोडत नाहीत, यात मनाचा दुबळेपणा नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला, तेव्हा भरपूर अन्न मिळू लागल्यानंतरही त्यांच्यापैकी अनेकांची भूक बराच काळ शमत नव्हती.

म्हणून व्यायाम ताटावरून ठरवू नका, आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सुचवते. धावणे हा जोरकस व्यायाम असल्याने त्याची निम्मी मिनिटेही पुरतात. तुम्ही फक्त धावत असाल तर त्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. आदल्या दिवशी काय खाल्ले, यावरून या आखणीत एका मिनिटाचाही फरक करायचा नाही.

ताटात साधारण निम्मा भाग भाज्या व फळांचा, पाव भाग कडधान्ये, अंडी किंवा मासे यांसारख्या प्रथिनांचा आणि पाव भाग अख्ख्या धान्याचा ठेवा. लांब धावण्याच्या दिवशी मात्र धान्य वाढवा. गोडाला बंदी नको. बाहेरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्के, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅम मानली जाते, आणि अधूनमधूनचा गोड घास तिच्यात सहज बसतो. जेवणानंतर बसून चवीने खाल्लेला तोच पदार्थ उभ्या-उभ्या घाईने उरकलेल्यापेक्षा जास्त समाधान देतो, असे माझे मत आहे.

वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी करा. मात्र पाळी सलग तीन महिने आली नसेल, एखादे हाड सतत दुखत असेल, किंवा व्यायाम चुकल्यावर जेवायचीच भीती वाटत असेल, तर धावणे थांबवून आधी डॉक्टरांना भेटा आणि आजवर काय-काय बंद केले होते ते त्यांना सविस्तर सांगा.