व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथॉनचा कोड पेस्ट केला की इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) बिघडतो. फॉर्मॅटरची (मांडणी आपोआप सुधारणारी) एक्स्टेंशन्स, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, काढून पाहिली, तरी तेच. काय करावं?

आणखी एक्स्टेंशन काढण्याआधी एक करून बघा. पेस्ट केल्यावर ओळी सरकल्या की कंट्रोल-झेड एकदाच दाबा. एडिटर आधी मजकूर जसाच्या तसा टाकतो आणि मग त्याची ‘मांडणी सुधारतो’. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एका कंट्रोल-झेडने कोड तिथेच राहून ओळी जागेवर आल्या, तर उद्योग एडिटरचा किंवा एक्स्टेंशनचा. सगळाच कोड गेला, तर तो आला तेव्हाच बिघडलेला होता.

माझ्या बाबतीत बऱ्याचदा कोड आला तेव्हाच बिघडलेला निघाला. आपण कॉपी करताना पहिल्या अक्षरापासून निवडतो. त्यामुळे पहिल्या ओळीआधीच्या स्पेस मागेच राहतात, बाकीच्या ओळींच्या मात्र येतात. निवड ओळीच्या अगदी सुरुवातीपासून करा, निम्मं दुखणं तिथेच संपतं. व्हॉट्सॲप किंवा पीडीएफमधून उचललेल्या कोडचा तर भरवसाच नको.

दोष एडिटरचा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फॉर्मॅट ऑन पेस्ट’ शोधा. मुळात ते बंद असतं, पण कुणाची तरी सेटिंग्ज फाइल उचलून आणली असेल तर चालू सापडेल. मग ‘ऑटो इंडेंट’ बघा. तिथे ‘फुल’ असतं, ते ‘ॲडव्हान्स्ड’ करा. लोक सर्रास ‘नन’ किंवा ‘कीप’ करायला सांगतात, पण मग कोलननंतर एंटर मारल्यावर ओळ आपोआप आत जात नाही आणि दिवसभर टॅब बडवत बसावं लागतं. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ती सोय राहते आणि पेस्टला कुणी हात लावत नाही. फक्त पायथॉनपुरतंच हवं असेल तर कमांड पॅलेटमधून (आज्ञा शोधायची पट्टी, कंट्रोल-शिफ्ट-पी) ‘कॉन्फिगर लँग्वेज स्पेसिफिक सेटिंग्ज’ उघडा.

हे हलक्यात घेऊ नका असं म्हणतोय, कारण मी पोळलोय. 10, 20, 30 ची बेरीज करणारं साधं फंक्शन होतं. पेस्ट करताना शेवटची ‘रिटर्न’ची ओळ चार स्पेस आत सरकून ‘फॉर’ लूपच्या पोटात गेली. एरर काहीच नाही. उत्तर 60 ऐवजी 10, कारण पहिल्याच फेरीत फंक्शन बाहेर पडत होतं. जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंस असतात, त्यामुळे मांडणी बिघडली तरी अर्थ शाबूत राहतो. पायथॉनमध्ये स्पेस हाच कंस. टॅब आणि स्पेसची खिचडी झाली तर निदान बहुतेकदा ‘टॅबएरर’ येऊन बोंब तरी होते. कोड निवडला की स्पेसचे ठिपके आणि टॅबचे बाण दिसतात, त्यावरून ओळखा.

एवढं करूनही ओळी सरकत असतील, तर एखादं एक्स्टेंशन अजून शिल्लक आहे. कमांड पॅलेटमध्ये ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ चालवा. दर फेरीला निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून तो विचारतो, त्रास गेला का? 32 असली तरी पाचेक फेऱ्यांत चोर सापडतो.