सीएनसीचं टेबल हलतंय, पण कुठून?

घरच्या सीएनसी राउटरसाठी (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कापणारं मशीन) लाकडी टेबल करायचंय असे बरेच प्रश्न साठले होते, त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते आज घेतोय.

प्रश्न (नाशिक): ६०४० साईजचं (६०० बाय ४०० एमएम कापणारं) मशीन जुन्या स्टडी टेबलावर ठेवलंय. काही कापायला घेतलं की टेबल डुलतं आणि कोपऱ्यांपाशी कडेवर लाटांसारख्या रेघा येतात. पाय जाड केले तर थांबेल का?

नाही थांबणार, आणि लाकडाचा खर्च उगाच होईल. आधी एक करा, मशीन बंद ठेवून टेबलाच्या कोपऱ्याला एका हाताने आडवं ढकला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पाय आणि वरची पट्टी जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवा. तिथली फट उघड-मीट होताना बोटाला कळते. डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतेच. चार पाय आणि वर फळी ही नुसती चौकट आहे, आणि चौकट बाजूने ढकलली की तिरकी होणारच, मग पाय ३ इंची असो की ५ इंची. गॅन्ट्री, म्हणजे मशीनची पुढेमागे सरकणारी कमान, कोपऱ्यात दिशा बदलते तेव्हा प्रत्येक वेळी असाच एक धक्का बसतो आणि त्याचीच लाट कडेवर उमटते.

उपाय म्हणजे त्रिकोण, किंवा त्याहून सोपं म्हणजे प्लाय. मागच्या बाजूला आणि दोन्ही साईडला १२ एमएमचा प्लाय, सगळीकडे फेविकॉल लावून, दर ४ इंचाला एक स्क्रू. पुढची बाजू उघडी हवी असेल तर तिथे वर ६ इंच रुंद पट्टी आणि दोन्ही कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोणी तुकडे. प्लाय लावायच्या आधी दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करून घ्या, एकदा गोंद सुकला की काटकोन परत दुरुस्त होत नाही.

टेबल होईपर्यंत जीआरबीएलमध्ये (मशीनच्या मोटर चालवणारा प्रोग्रॅम) १२० आणि १२१ नंबरच्या सेटिंगमधलं ॲक्सिलरेशन, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेत वेग किती झपाट्याने वाढतो ते, निम्म्यावर आणून बघा, लाटा कमी झाल्या तर दुखणं हलण्याचंच आहे हे नक्की. फक्त टेबल हलतंय की मशीनचीच फ्रेम, ते गॅन्ट्री हाताने हलवून तपासा.

प्रश्न (कोल्हापूर): वरच्या फळीसाठी १८ एमएमचे दोन प्लाय एकावर एक स्क्रूने मारले तर पुरेल का? का सरळ सागवानाची जाड फळी घेऊ?

सागवानाची फळी नको. भरीव लाकूड रुंदीत हलतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि सपाट राहणं हेच तर आपल्याला हवंय. प्लाय बरोबर आहे पण नुसते स्क्रू नकोत. एका प्लायच्या तुलनेत नुसते एकावर एक ठेवलेले दोन प्लाय दुप्पट ताठ होतात, आणि तेच दोन पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून चिकटवले तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. गोंदाच्या एका डब्यात एवढा फरक पडतो.

त्याहून चांगलं हवं असेल तर पोकळ पेटी करा, टॉर्शन बॉक्स म्हणतात ती. खाली १२ एमएमचा प्लाय, मध्ये ३ इंच उंचीच्या पट्ट्यांची ६-८ इंचांच्या चौकोनांची जाळी, वर परत १२ एमएम. दोन १२ एमएम प्लाय सरळ चिकटवले असते त्यापेक्षा ही पेटी कागदावरच्या हिशोबात ३०-४० पट ताठ येते आणि उचलायलाही झेपते. सगळ्या पट्ट्या एकाच सेटिंगवर एका दमात कापा, उंचीत फरक नको.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. पेटी जशा जमिनीवर चिकटवाल तशीच ती कायमची होते. खालचा आधार पिळलेला असेल तर पेटीही पिळलेली. पीळ बघायला दोन दोरे घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून कर्णावर ताणा, दोन्ही एकाच उंचीवर. मध्ये वरचा दोरा खालच्याला जेमतेम टेकला पाहिजे. मग वरचा खाली आणि खालचा वर करून परत बघा. एकदा फट आणि एकदा दाब असं आलं तर पीळ आहे, आधाराखाली पाचर सारून तो काढा आणि मगच गोंद लावा. वर वजन ठेवून २४ तास हात लावू नका.

प्रश्न (ठाणे): टेबल पाणसळ लावून एकदम लेव्हल केलंय, तरी मशीन एका कोपऱ्यात जास्त खोल कापतं. असं का?

कारण लेव्हल असणं आणि सपाट असणं वेगळं. टेबल थोडं उतारावर असलं तरी मशीनला काही फरक पडत नाही, पण पिळलेल्या फळीवर चारही बोल्ट आवळले की मशीनची फ्रेम फळीबरोबर पिळते. सगळे बोल्ट सैल करा आणि प्रत्येक पायाखाली वहीच्या कागदाची पट्टी सारून ओढून बघा. तीन ठिकाणी कागद अडकेल आणि चौथ्या ठिकाणी सुळकन निघेल. तिथे पितळी पत्र्याचा पातळ तुकडा घाला, सगळीकडे कागद सारखा अडकला की मगच बोल्ट आवळा, तेही थोडे थोडे, आलटून पालटून.

प्रश्न (पुणे): पायांसाठी कुठलं लाकूड, आणि सांधे कसे?

लाकडावर फार डोकं लावू नका. वखारीत जे ३ बाय ३ चं सरळ आणि वाळलेलं मिळेल ते घ्या, पॅकिंगचं पाइनसुद्धा चालतं, बाभूळ मिळाली तर उत्तमच पण तिला भोक पाडताना ड्रिल रडतं. ओलं लाकूड मात्र अजिबात नको, आज आवळलेला सांधा दोन महिन्यांत सैल होतो. सांध्यात आडवी पट्टी पायात खाच पाडून बसवा म्हणजे वजन खाचेवर येतं, आणि आरपार १० एमएमचा बोल्ट, दोन्हीकडे मोठा वायसर. लाकडाच्या टोकात मारलेला स्क्रू धरून राहत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. वर्षातून एकदा नट आवळा.

प्रश्न (मुंबई): चौथ्या मजल्यावर राहतो. खालच्यांना आवाज जातो.

पोकळ टेबल तबल्यासारखं घुमतं, म्हणून खालच्या खणात वाळूची पोती ठेवा, वजन तळाशी येतं आणि घुमणंही कमी होतं. रबर पॅड टेबलाच्या पायांखाली घाला, मशीन आणि टेबलाच्या मध्ये नको, तिथे घातलं तर मशीन परत डुलायला लागेल. आणि दुपारी दोन ते चार चालवू नका, खाली कुणी म्हातारं माणूस झोपलेलं असतं.

प्रश्न (चिपळूण): पावसाळ्यात एमडीएफचा बेड फुगतो, काय करू?

फुगणारच, एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, कोकणातल्या हवेत ती कडांकडून पाणी ओढते. कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात द्या, वरचा भाग तसाच ठेवा. जूनच्या शेवटी आणि परत दिवाळीनंतर मशीनलाच मोठं बिट (कापायचं पातं) लावून अर्धा एमएम वरून छाटून घ्या, तेवढं पुरतं. छाटताना मास्क लावाच, ती धूळ फार बारीक असते.

प्रश्न (नागपूर): खाली चाकं लावली तर?

लावा, पण काम करताना टेबल चाकांवर उभं नको. पायात १२ एमएमचे लेव्हलिंग बोल्ट घाला, एका फेऱ्यात पावणेदोन एमएम वर येतात, चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत फिरवा आणि मगच स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालू करा.